भिंतीचं पोट

दिवा मालवला आणि अंधारातून भाच्याचा आवाज आला, "मावशी, उजेड कुठे गेला?" दार बंद होतं, खिडकी बंद होती, पडदाही ओढलेला होता. उत्तराची वाट न बघता तो स्वतःच पुढे म्हणाला, "फटीतून बाहेर गेला असेल तर बाहेर दिसायला पाहिजे ना." बहिणीने "विझला, झोप आता" म्हणून विषय मिटवायला घेतला. पण विझला होता तो दिवा. आधीच निघालेल्या उजेडाचं काय, हा त्याचा प्रश्न होता आणि तो अगदी रास्त होता. म्हणून मी म्हटलं, "भिंतींनी खाल्ला." थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. पांघरुणाची हालचाल तेवढी ऐकू आली. मग त्याने विचारलं, "रोज खातात? मग त्यांचं पोट भरत कसं नाही?" बहिणीला हसू आलं. दहा मिनिटांत तो गाढ झोपला, आणि मी मात्र छताकडे बघत जागी राहिले. वर दिसत काहीच नव्हतं, तरी नजर तिथेच होती.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर अंथरुणात पडल्या पडल्या तोंडी हिशेबाने निघतं, आणि मला असे हिशेब मनापासून आवडतात. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो. खोली तीन मीटरची धरली तर एका भिंतीवरून समोरच्या भिंतीवर जायला त्याला सेकंदाचा दहा कोटीवा भाग पुरतो. पांढरी भिंत शंभरातले ऐंशी भाग उजेड परत फेकते आणि वीस भाग ठेवून घेते असं मानू. दुसरी भिंत उरलेल्यातला पाचवा हिस्सा ठेवते, तिसरी त्यातला. अशा पन्नास धडका झाल्या की मूळ उजेडातला लाखात जेमतेम दीड भाग शिल्लक राहतो, आणि या पन्नास धडकांना लागतो सेकंदाचा वीस लाखावा भाग. बहुतेक दिव्यांना स्वतः विझायलाच याहून जास्त वेळ लागत असेल. भिंतींच्या जागी उत्तम आरसे लावले, हजारात एकच भाग गिळणारे, तरी दहा हजार धडकांत खेळ आटोपतो. म्हणजे सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात. उजेड कोंडून ठेवायची युक्ती लहानपणी आपल्यापैकी बऱ्याच जणांनी योजलेली असते, डबीत आरसे लावून, पटकन झाकण लावून. ती का जमत नाही ते या आकड्यांत आहे. आपले हात तेवढे चपळ नसतात, दुसरं काही नाही.

पण दुसरा प्रश्न?

पोट भरतं, हे त्याचं खरं उत्तर. भिंतीने गिळलेला उजेड तिच्या कणांच्या थरथरीत मुरतो, भिंत किंचित तापते, आणि तापलेली वस्तू स्वतः किरण टाकायला लागते. सत्तावीस अंश सेल्सिअसला असलेली भिंत प्रत्येक चौरस मीटरमागे सुमारे ४६० वॉट बाहेर टाकत असते. छोट्याशा खोलीतल्या दिव्यापेक्षा हे कितीतरी जास्त, आणि तेही दिवा बंद असताना. फक्त हे किरण अवरक्त असतात, आपल्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. समोरची भिंतही तेवढंच टाकत असते आणि आपणही, म्हणून देवाणघेवाण जवळपास फिटते आणि कुणी तापत नाही की गारठत नाही. त्या रात्री खोली अंधारी होती असं म्हणणं आपल्या डोळ्यांपुरतं खरं. अवरक्त कॅमेरा लावला असता तर भिंती, छत, पांघरुणाबाहेर आलेला भाच्याचा पाय, सगळं झगमगत होतं. दिवसाउजेडी जे सुचत नाही ते अशा वेळी सुचतं, आणि सुचलं की अंगावर किंचित काटा येतो. भीतीचा नव्हे. आपण इतकी वर्षं ज्याला अंधार म्हणत आलो तो किती भरलेला आहे, याचा.

भौतिकशास्त्र हा माझा व्यवसाय नाही. वाचते, हिशेब करून बघते, एवढंच. तरीही घरात आणि ओळखीपाळखीत असे प्रश्न माझ्याकडे येतात, आणि मला ते कुठल्याही निमंत्रणापेक्षा जास्त आवडतात. पृथ्वी फिरते तर हेलिकॉप्टर नुसतं वर उभं राहिलं की खालचं गाव पुढे का सरकत नाही? आरसा डावं-उजवं बदलतो, मग वर-खाली का बदलत नाही? प्रवासात चंद्र बरोबर का येतो? अंतराळवीर तरंगतात म्हणजे तिथे गुरुत्वाकर्षण नसतंच का? या शेवटच्या प्रश्नावर तर मला दर वेळी थांबून बोलावंसं वाटतं, कारण चारशे किलोमीटरवरच्या त्या अंतराळ स्थानकात पृथ्वीची ओढ इथल्याच्या नव्वद टक्क्यांच्या घरात असते. ते लोक सतत पडत असतात. फक्त आडवा वेग इतका असतो की पडता पडता पृथ्वीची गोलाई त्यांच्याखालून वाकून निघून जाते, आणि पडणं संपतच नाही. हे पहिल्यांदा समजल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघण्यासारखं असतं. आधी अविश्वास, मग डोळे कुठेतरी दूर लागतात, मग हात नकळत हवेत एक वळण काढतो.

आणखी एक गोष्ट नेहमी ऐकू येते, बहुतेक वेळा उदास सुरात : आपल्याला दिसतात ते तारे तर केव्हाच मरून गेलेले असतात. कविता म्हणून सुंदर आहे, पण खरं नाही. नुसत्या डोळ्यांना दिसणारे तारे बहुतेक काही हजार प्रकाशवर्षांच्या आतले, आणि ताऱ्यांचं आयुष्य किमान काही दशलक्ष वर्षांचं, सूर्यासारख्याचं सुमारे एक हजार कोटी वर्षांचं. प्रकाश वाटेत असताना तारा मेला असण्याची शक्यता अगदीच कमी. वर बघाल ते जवळजवळ सगळे तारे आत्ताही जिवंत आहेत. एका मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा ती थोडी नाराज झाली, तिच्या मनातली एक जुनी हळहळ मी काढून घेतल्यासारखं तिला वाटलं असावं. मला मात्र हे जिवंतपणाचं सत्य त्या हळहळीपेक्षा मोठं वाटतं, आणि मी ते पुन्हा सांगेन.

असे प्रश्न विचारणाऱ्यांपैकी ज्या बाईची मला सगळ्यात जास्त आठवण येते तिला मी अर्थातच भेटलेले नाही. आग्नेस पॉकेल्स, जन्म १८६२, राहणारी जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगची. मुलींना विद्यापीठाचं दार बंद असलेला तो काळ. आजारी आई-वडिलांचं करायचं, घर सांभाळायचं, भांडी घासायची. भांडी घासताना तिने जे पाहिलं ते आपण सगळेच पाहतो : तेलकट पाण्यावर पसरणारा पातळ थर, साबणाचा थेंब पडताच बाजूला पळणारी चिकट वर्तुळं. पण ती बघून थांबली नाही. विशीच्या आसपास तिने पत्र्याची एक उथळ तसराळी घेतली, काठोकाठ पाण्याने भरली आणि वरून आडवी सरकणारी पत्र्याची पट्टी बसवली, म्हणजे पट्टी सरकवून पाण्याचा पृष्ठभाग हवा तेवढा लहान-मोठा करता येईल. मग एक बटण तराजूला टांगलं, पाण्याला टेकवलं, आणि ते सुटून वर यायला किती वजन लागतं ते मोजायला लागली. स्निग्ध थर असलेला पृष्ठभाग आक्रसत नेला तर बराच वेळ फरक पडत नाही, आणि एका ठरावीक मर्यादेच्या पुढे पृष्ठताण, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाची ओढ, एकदम उतरायला लागतो, हे तिला दिसलं. भाऊ भौतिकशास्त्र शिकत होता, तो पुस्तकं पाठवायचा. बाकी सगळं ती आणि ते बटण.

बरीच वर्षं हे कुणाला ठाऊक नव्हतं. मग १८९१ साली, इंग्लंडमधले भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले अशाच विषयावर काम करतायत हे कळल्यावर, तिने त्यांना जर्मनमध्ये पत्र लिहिलं. रॅलेंच्या पत्नीने त्याचं भाषांतर केलं, आणि रॅलेंनी ते 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकाच्या संपादकांकडे छापायला पाठवलं. त्याच वर्षी मार्चमध्ये ते छापून आलं. पुढे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी तिच्याच पद्धतीचं सुधारलेलं उपकरण वापरून एका रेणूइतक्या जाडीच्या थरांचा अभ्यास केला, आणि पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी त्यांना १९३२ साली नोबेल मिळालं. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने आग्नेसबाईंना मानद डॉक्टरेट दिली. तेव्हा त्या सत्तरीला टेकल्या होत्या. मला हे वाचताना एकाच वेळी आनंद आणि राग दोन्ही येतं, आणि दोन्ही विरत नाहीत. पत्र वाचून बाजूला न टाकणारा माणूस भेटला याचा आनंद. आणि अशी किती बटणं, किती तसराळी कुणापर्यंत पोचल्याच नसतील, याचा राग.

टांझानियाचा एरास्तो म्पेम्बा तसाच. १९६३ साली शाळेत आइस्क्रीम करताना त्याचं गरम मिश्रण इतरांच्या गार मिश्रणाआधी गोठलं. का, म्हणून विचारलं तर शिक्षकांनी उडवून लावलं. पुढे डेनिस ऑस्बोर्न हे प्राध्यापक शाळेत व्याख्यानाला आले तेव्हा त्याने तोच प्रश्न सगळ्यांसमोर विचारला, आणि वर्ग हसला. ऑस्बोर्न हसले नाहीत. त्यांनी परत जाऊन प्रयोग करवून घेतला आणि १९६९ मध्ये दोघांच्या नावाने लेख छापला. गरम पाणी खरोखर आधी गोठतं का, यावर अजून एकमत नाही. २०१६ मध्ये काळजीपूर्वक केलेल्या मोजमापांत तसा पुरावा मिळाला नाही, आणि इतर काही जण वेगळं सांगतात. मला यात म्पेम्बाची हार दिसत नाही. शाळकरी मुलाने विचारलेल्या प्रश्नावर अर्ध्या शतकानंतरही माणसं तापमापक घेऊन बसलेली आहेत.

इथे एक अवघड गोष्टही सांगायला हवी. हौशी माणसांत एक दुसरी जातही असते. ते प्रश्न घेऊन येत नाहीत, सिद्धान्त घेऊन येतात : आइन्स्टाइन चुकला, गुरुत्वाकर्षण म्हणजे खरं तर अमुक आहे, विश्वाचं कोडं मला सुटलं. पानंच्या पानं लिहिलेली असतात, आणि त्यांत एकही मोजलेला आकडा नसतो. त्यांची थट्टा करणं मला जमत नाही, कारण त्यांची तळमळ खरी असते, रात्रीची झोप खरंच उडालेली असते. पण "हे कुठे मोजून बघता येईल?" असं विचारलं की बोलणं तिथेच तुटतं, आणि समोरचा माणूस दुखावला जातो. पॉकेल्सबाईंच्या पत्रात विश्वाविषयी एक अक्षर नव्हतं. बटण किती वजनाला सुटलं ते होतं.

तर, भिंतीचं पोट. दुसऱ्या दिवशी एकदम लक्षात आलं की हा प्रश्न मला आधी कुठेतरी भेटलेला आहे, आणि तोही फार मोठ्या खोलीत. रात्री आकाश काळं का असतं? सूर्य मावळतो म्हणून, हे उत्तर पुरत नाही. विश्व अथांग आणि अनादी असेल, सगळीकडे तारे विखुरलेले असतील, तर कुठल्याही दिशेला नजर लावली तरी ती केव्हा ना केव्हा एखाद्या ताऱ्यावर जाऊन टेकायलाच हवी, आणि मग सगळं आकाश सूर्याच्या पृष्ठभागासारखं धगधगायला हवं. खगोलशास्त्रज्ञ केप्लरला १६१० मध्येच हे खटकलं होतं. १८२३ साली हाइनरिश ओल्बर्स या डॉक्टरने, दिवसा रोगी तपासून रात्री आकाश बघणाऱ्या माणसाने, त्यावर तोडगा सुचवला : वाटेत काहीतरी पदार्थ पसरलेला असेल आणि तो दूरच्या ताऱ्यांचा उजेड शोषून घेत असेल. म्हणजे भिंतींनी खाल्ला. आणि त्यावर खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी नंतर जो आक्षेप घेतला तो थेट माझ्या भाच्याचा होता. शोषणारा पदार्थ तापत जाईल आणि शेवटी जेवढं घेतलं तेवढंच बाहेर टाकायला लागेल. अनादी काळ मिळाला तर कुठलंही पोट भरतंच.

खरं उत्तर पहिल्यांदा एका कवीला सुचलं असावं. एडगर अ‍ॅलन पो यांनी १८४८ मध्ये लिहिलं की काही दिशांचा उजेड आपल्यापर्यंत पोचायला अजून वेळच मिळालेला नसेल. १९०१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन यांनी तेच आकड्यांत मांडलं. विश्वाला वय आहे, आज आपण ते सुमारे १३८० कोटी वर्षं धरतो, आणि तेवढ्या काळात तेवढ्याच अंतराचा उजेड येऊ शकतो. रात्र काळी आहे कारण विश्व अजून तरुण आहे. गच्चीवर उभं राहून काळ्या आकाशाकडे बघताना आपण विश्वाच्या वयाचा पुरावा बघत असतो, दुर्बिणीशिवाय, आणि कुणी तो झाकूनही ठेवलेला नाही. मला ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी नवी वाटते.

आणि तरीही केप्लर-ओल्बर्स यांचं म्हणणं एका अर्थाने बरोबरच निघालं. ताऱ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून नजर पुढे पुढे नेली तर शेवटी ती एका तापलेल्या पडद्याला टेकतेच. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं असतानाचा तो तीन हजार केल्व्हिनच्या आसपासचा वायू, त्यातून सुटलेला प्रकाश अजून चाललेला आहे. मधल्या काळात अवकाश पसरलं, त्याबरोबर लहरीही सुमारे अकराशे पट ताणल्या गेल्या, आणि आज तो प्रकाश सूक्ष्मलहरी होऊन येतो, तापमान २.७ केल्व्हिन. पेन्झियास आणि विल्सन या रेडिओ-खगोलशास्त्रज्ञांना १९६४ मध्ये अँटेना कुठल्याही दिशेला वळवली तरी जाईना असा जो खरखरीचा आवाज सापडला तो हाच. त्यांनी अँटेनातली कबुतरांची घाणसुद्धा साफ करून पाहिली होती. या जुन्या उजेडाचे सुमारे ४१० कण प्रत्येक घन सेंटिमीटरमध्ये आत्ता आहेत, बंद खोलीबाहेरच्या मोकळ्या अवकाशात कुठेही. आता कुणी विचारेल, लहर अकराशे पट ताणली म्हणजे प्रत्येक कणाची ऊर्जा अकराशे पट घटली, मग ती कुठे गेली? इथे गिळायला भिंतच नाही. आइन्स्टाइनच्या सामान्य सापेक्षतेत, पसरणाऱ्या अवकाशात, सगळ्या विश्वाच्या ऊर्जेची एक बेरीज मांडून ती कायम राहते असं म्हणताच येत नाही. खोलीतला हिशेब तिथे लागू पडत नाही. काही जाणकार याला सरळ "गेली" म्हणतात, काही जण प्रश्नच नीट मांडलेला नाही म्हणतात. मला पहिलं उत्तर जास्त प्रामाणिक वाटतं. पण ते पचायला जड आहे हे मान्य.

विश्वाचे प्रश्न लोक अवघड समजतात आणि हातातल्या वस्तूंचे सोपे. माझा अनुभव उलटा आहे. शेजारच्या काकांनी मध्यंतरी असं वाचलं की आपण कशालाच कधी स्पर्श करत नाही. अणू एकमेकांना टेकतच नाहीत, मधे नेहमी अंतर राहतं, खुर्चीवर बसतो तेव्हाही आपण तरंगतच असतो. हे त्यांना फार लागलं होतं. संध्याकाळी आले, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले, आणि मग म्हणाले, "शेवटचे दिवस मी तिचा हात धरून बसलो होतो. धरला होता ना?"

अशा वेळी घाईने धीर देणं मला बरोबर वाटत नाही. मी त्यांना सांगितलं की त्या वाक्यात अणूला एक टणक कड आहे असं गृहीत धरलंय, आणि तशी कड कुठल्याच अणूला नसते. इलेक्ट्रॉनचा ढग बाहेरच्या बाजूला विरळ होत जातो. दोन हात जवळ आले की हे ढग एकमेकांत किंचित शिरतात, आणि मग एक अडवणूक सुरू होते. त्यात विद्युतभारांचा वाटा असतो, आणि त्याहून मूलभूत असा भौतिकशास्त्रज्ञ पाउली यांच्या १९२५ च्या नियमाचा : दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. १९६७ मध्ये डायसन आणि लेनर्ड या भौतिकशास्त्रज्ञांनी गणिताने सिद्ध केलं की वस्तू आपापली जागा धरून राहतात त्या या नियमामुळे. तो नसता तर कुठल्याही दोन वस्तू एकत्र आणल्यावर अणुबॉम्बएवढी ऊर्जा बाहेर पडली असती, असं डायसन यांचं म्हणणं होतं. "म्हणजे काका, दोघांचे इलेक्ट्रॉन एकमेकांना जाणवले. स्पर्श म्हणतात तो हाच, याच्यापलीकडे दुसरा कुठला खरा स्पर्श नाहीये. धरला होता."

ते ऐकत होते. मग म्हणाले, "आणि ऊब? ती तरी इकडची तिकडे जाते ना?" जाते, म्हटलं. एका कातडीच्या रेणूंची थरथर दुसऱ्या कातडीला लागते, खरोखरची ऊर्जा एका शरीरातून दुसऱ्यात जाते, आणि तिथे राहते. "किती, ते काढता येईल?" त्यांनी विचारलं. ते आयुष्यभर हिशेबाच्या कामात होते, आकड्याशिवाय त्यांचं समाधान होत नाही. येईल ना, म्हटलं, तळहाताचं क्षेत्रफळ लागेल, दोन्हीकडचं तापमान लागेल, किती वेळ धरला होता ते लागेल. मी वही ओढली, वर तारीख घातली आणि विचारलं, "आधी हे सांगा, हात जास्त गार कुणाचे असायचे, तुमचे की काकूंचे?"